ढगांच्या फटीत दोन विमाने

नकाशावर दिल्ली आणि बंगळुरू ही शहरे सरळ रेघेने जोडली, तर ती रेघ हिंगोली आणि नांदेडच्या जवळून दक्षिणेकडे जाते. मुंबई आणि कोलकाता जोडणारी रेघ छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या माथ्यावरून निघते आणि हिंगोलीच्या उत्तरेला, वाशिमच्या आसपास, त्या उभ्या रेघेला छेदते. मुंबई-विशाखापट्टणम ही रेघ तिलाच आणखी खाली, मुखेड-देगलूरच्या बाजूला कापते. विमानांचे प्रत्यक्ष मार्ग ठरावीक बिंदूंना धरून थोडे वाकतात, त्यामुळे ते या रेघांवरून तंतोतंत जात नाहीत. पण मराठवाड्यातील विमानतळ मोजके आणि त्यांवरची उड्डाणे थोडी असली, तरी आपल्या डोक्यावरून देशातील अत्यंत वर्दळीचे हवाई मार्ग एकमेकांना ओलांडून जातात, हे त्यांवरून सहज ध्यानात येते.

एरवी ही वर्दळ शांतपणे पार पडते, कारण विमानांमधील अंतर राखण्याचे नियम साधे आणि कडक आहेत. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांच्या उंचीत किमान 1,000 फुटांचा फरक ठेवतात. भारतात ही पद्धत नोव्हेंबर 2003 पासून लागू झाली आणि त्यापूर्वी हा फरक 2,000 फुटांचा होता. उंचीचा फरक नसेल, तर रडारच्या देखरेखीखाली दोन विमानांत साधारणपणे 5 सागरी मैलांचे, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरचे, आडवे अंतर लागते. शिवाय ढोबळमानाने पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजारांची उंची मिळते, त्यामुळे समोरासमोर येणारी विमाने आपोआप वेगळ्या थरांत राहतात. मात्र हा नियम एकमेकांना छेदून जाणाऱ्या विमानांना वाचवत नाही. दिल्लीहून बंगळुरूला निघालेले विमान किंचित पूर्वेकडे झुकलेल्या दिशेने उडते आणि मुंबईहून कोलकात्याला निघालेले तर पूर्वेकडेच, त्यामुळे दोघांनाही 35,000 फूट ही एकच उंची मिळू शकते. अशा वेळी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम हवाई वाहतूक नियंत्रकाचे असते.

प्रवासी जेट विमान ताशी 900 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 250 मीटर उडते. काटकोनात छेदणारी दोन विमाने सेकंदाला सुमारे साडेतीनशे मीटरने जवळ येतात, आणि सव्वानऊ किलोमीटरचे सुरक्षित अंतर 26 सेकंदांत संपते. समोरून येणारे विमान डोळ्यांना दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, धोका कळणे आणि हात चालवून विमान वळवणे, या सगळ्याला सुमारे साडेबारा सेकंद लागतात असे हवाई सुरक्षेचे मार्गदर्शन सांगते. त्यातही एक गोष्ट मनुष्याच्या नजरेविरुद्ध जाते. ज्या विमानाशी खरोखर टक्कर होणार असते, ते काचेत सरकताना दिसत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखे स्थिर राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. आपली नजर हालचाल टिपण्यात तरबेज असल्यामुळे नेमका धोक्याचा ठिपकाच तिच्यातून निसटतो. ढगात तर तोही दिसत नाही.

तरीही खराब हवामानातील मुख्य अडचण न दिसण्याची नाही, कारण इतक्या उंचीवर विमाने एकमेकांना पाहून उडतच नाहीत. ढग उडण्याची जागाच हिरावून घेतात, आणि खरी अडचण तेथे सुरू होते.

चैत्र-वैशाखात मराठवाड्यातील जमीन भाजून निघते, तापलेली हवा वर चढते, तिला बाष्पाची जोड मिळाली की दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. विजा आणि गारा घेऊन येणाऱ्या या ढगांना हवामानशास्त्रात क्युम्युलोनिम्बस म्हणतात. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपिटीने उभी पिके झोपवली होती, ती असल्याच ढगांची करणी. त्यांचे माथे 12 ते 15 किलोमीटर आणि कधी त्याहूनही उंच जातात, तर प्रवासी विमाने 9 ते 12 किलोमीटरवर उडतात, त्यामुळे त्यांना वरून ओलांडून जाणे बहुधा शक्य नसते. जोरदार ढगाच्या पोटात हवा सेकंदाला 20 ते 30 मीटर वेगाने वर उसळते. दोन थरांमधील 1,000 फूट म्हणजे 305 मीटर. अशा झोतात सापडलेल्या विमानाला आपली उंची धरून ठेवणे किती अवघड जाईल, हे या दोन आकड्यांवरून कळते.

म्हणूनच तीव्र वादळी ढगापासून शक्यतो 20 सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर, दूर राहण्याचा सल्ला वैमानिकांना दिलेला असतो. दोन्ही बाजूंना 37 किलोमीटर आणि मध्ये ढगाचे पंधरा किलोमीटर धरले, तर एक ढग सुमारे 90 किलोमीटर रुंदीचे आकाश बंद करतो. संभाजीनगर ते जालना हे अंतर त्याहून कमी आहे. असे चार-पाच ढग ओळीने उभे राहिले की मधल्या एखाद्या फटीतूनच वाट उरते. पुरात तालुक्यातील सगळे नळकांडी पूल पाण्याखाली गेले की चारही बाजूंच्या गाड्या एकाच उंच पुलाकडे वळतात, तसे तेव्हा आकाशात घडते. फरक एवढाच, की पुलापाशी गाडी थांबवता येते. विमानाला थांबता येत नाही.

मराठवाड्याच्या आकाशाने याच्या अगदी उलट हेतूने उडणारी विमानेही पाहिली आहेत. 2019 च्या दुष्काळी पावसाळ्यात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी शासनाने येथे रडार बसवले, आणि संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेली छोटी विमाने क्षाराची फवारणी करण्यासाठी ढग शोधत फिरली. बाकीची विमाने ढग टाळत असताना एखादे विमान मुद्दाम ढगाकडे निघाले, तर त्याची उंची आणि क्षेत्र आधी ठरवून, नियंत्रकाच्या परवानगीनेच ते करावे लागते.

आता फटीकडे निघालेल्या दोन विमानांकडे जवळून पाहू. वैमानिकासमोरच्या हवामान रडारवर ढग हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत दिसतात. हे रडार पाण्याच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरी मोजते. माथ्यावरचा कोरडा बर्फ त्या लहरी फारशा परतवत नाही, आणि जोराच्या पावसामागे काय दडले आहे हेही त्याला नीट कळत नाही. नियंत्रकाच्या पडद्यावर प्रत्येक विमानाशेजारी एक छोटी चिठ्ठी असते. तीत विमानाचे बोधनाम, वेग आणि उंची लिहिलेली असते. 35,000 फुटांसाठी नुसते 350, आणि चढत-उतरत असल्यास शेजारी बाण. ही माहिती विमानातील ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारच्या विचारणेला आपोआप उत्तर देणारे रेडिओ यंत्र, पाठवतो, ढग काही पाठवत नाही. म्हणजे वैमानिकाला ढग तपशीलवार दिसतात पण आसपासची सगळी वाहतूक दिसत नाही, आणि नियंत्रकाला सगळी वाहतूक दिसते पण ढग तितके स्पष्ट दिसत नाहीत. प्रत्येकाकडे अर्धे चित्र असते आणि ते जोडण्याचे साधन म्हणजे रेडिओ.

रेडिओवर नेमकी याच वेळी गर्दी होते. एरवी ज्या विमानाशी नियंत्रकाचे एकदोन वाक्यांत भागते, ते आता डावीकडे पंधरा मैल वळू द्या, मग आणखी पाच मैल, मग खालची उंची मिळेल का, असे पुन्हा पुन्हा विचारते. एका रेडिओ वारंवारतेवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर चिरका आवाज ऐकू येतो आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. मिळालेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी उच्चारून दाखवायची आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळायची, असा नियम आहे. या पडताळणीला एरवी जी उसंत मिळते, ती वादळात मिळत नाही. दोन विमानांचे अंतर मोडल्याच्या घटनांमध्ये बहुधा अशी छोटी चूक सापडते: चुकून ऐकलेला आकडा, न पडताळलेले उत्तर, दुसऱ्याच विमानाने उचललेली सूचना.

कधी फट असूनही ती मिळत नाही. 21 मे 2025 रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या विमानापुढे पठाणकोटच्या परिसरात गारांचे वादळ आले. वैमानिकांनी डावीकडे, आंतरराष्ट्रीय सीमेच्या बाजूला, वळण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही आणि लाहोरच्या हवाई नियंत्रकांनीही नकार दिला. अखेर त्यांनी वादळातून विमान काढले. विमानाच्या नाकाला मोठे नुकसान झाले, पण सर्व प्रवासी सुखरूप उतरले. ढगांनी आणि सीमेने मिळून जागा किती आक्रसते, याचे हे अलीकडचे उदाहरण आहे.

नियंत्रण, रेडिओ आणि उंचीचे नियम हे सर्व अपुरे पडले, तर काय होते, हे आपल्या देशाने 12 नोव्हेंबर 1996 रोजी पाहिले. हरियाणातील चरखी दादरीजवळ, दिल्लीहून चढणारे सौदी बोइंग 747 आणि दिल्लीला उतरणारे कझाक इल्युशिन 76 यांची टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्व 349 जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला 15,000 फुटांवर आणि सौदी विमानाला 14,000 फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. तेव्हा दिल्लीत वापरात असलेल्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. त्या दोन विमानांत टीकॅस हे टक्कर टाळणारे उपकरणही नव्हते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांवर ते बंधनकारक झाले.

टीकॅस जमिनीवरच्या कोणत्याही यंत्रणेवर अवलंबून नसते, आणि माझ्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे मोल आहे. ते आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना सतत विचारणा करते, उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि उत्तरातून उंची वाचते. हिशोब किलोमीटरचा नसून सेकंदांचा असतो: उंच आकाशात सर्वांत जवळ येण्याच्या सुमारे 48 सेकंद आधी ते ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा देते आणि सुमारे 35 सेकंद आधी ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’ असा थेट आदेश. दुसरे विमान नेमक्या कोणत्या दिशेला आहे, हे अँटेनाला ढोबळपणेच कळते, उंची मात्र अचूक कळते. म्हणून आदेश नेहमी वर किंवा खाली जाण्याचा असतो, डावे-उजवे वळण्याचा नाही. दोन्ही विमानांतील उपकरणे आपसांत ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. वैमानिकाने पाच सेकंदांच्या आत तो आदेश पाळायचा असतो.

हा आदेश नियंत्रकाच्या सूचनेच्या विरुद्ध असेल तर? 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेनच्या आकाशात 36,000 फुटांवर हीच वेळ आली. झुरिकमधील एकट्या नियंत्रकावर दोन पडद्यांची जबाबदारी होती आणि त्याची धोकासूचक यंत्रणा दुरुस्तीसाठी पूर्ण क्षमतेने चालू नव्हती. त्याने रशियन तुपोलेव्हला खाली उतरण्यास सांगितले. त्याच वेळी तुपोलेव्हमधील टीकॅस वर जाण्यास सांगत होते आणि मालवाहू बोइंगमधील टीकॅस खाली. बोइंगने यंत्राचे ऐकले, तुपोलेव्हने माणसाचे, आणि दोन्ही विमाने खाली उतरत एकमेकांवर आदळली. 71 जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने नियमाची भाषा निःसंदिग्ध केली: टीकॅसचा आदेश आणि नियंत्रकाची सूचना यांत विसंगती आली, तर टीकॅसचेच ऐकायचे. आज वैमानिकाने रेडिओवर ‘टीकॅस आरए’, म्हणजे टीकॅसचा आदेश मिळाला, असे म्हणताच नियंत्रक त्या विमानाची उंची बदलण्याचा प्रयत्न थांबवतो. धोका टळल्यावर यंत्र ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ म्हणते आणि विमान ठरलेल्या उंचीवर परत येते. प्रवाशाला बहुधा एक हलका हेलकावा तेवढा जाणवतो.

त्यानंतर वैमानिक आणि नियंत्रक दोघेही लेखी अहवाल देतात, रडारच्या आणि रेडिओच्या नोंदी जपून ठेवल्या जातात, आणि प्रकार गंभीर असल्यास विमान अपघात तपास ब्युरो चौकशी करतो. अपघातानंतर बोलायला बहुतेक वेळा कोणी उरत नाही. थोडक्यात हुकलेल्या टकरीतले सगळे जिवंत असतात, आपण काय पाहिले आणि काय ऐकले हे सांगू शकतात. म्हणून असे अहवाल देणाऱ्याला शिक्षेची धास्ती वाटता कामा नये, असे मला मनापासून वाटते. ती धास्ती शिरली, तर पुढच्या चुकीची खबर आधी मिळण्याची वाटच बंद होईल.

यातल्या बऱ्याच घटना उड्डाणाआधीच टाळण्याची सोयही आता आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दिवसाला नऊशेहून अधिक उड्डाणे आणि अवतरणे असलेल्या त्या विमानतळावर एका वेळी प्रत्यक्षात एकच धावपट्टी चालते. पावसाच्या सरीने तिची क्षमता घटली की येणारी विमाने हवेत घिरट्या घालू लागतात आणि इंधन घटत जाते. पर्यायी विमानतळ गाठून तेथे आणखी 30 मिनिटे उडता येईल एवढे इंधन राखणे सक्तीचे असल्यामुळे ही प्रतीक्षा फार लांबवता येत नाही. म्हणून दिल्लीतील वाहतूक प्रवाह नियंत्रण केंद्र मुंबईची क्षमता आणि येणाऱ्या विमानांची संख्या पाहून प्रत्येक विमानाला सुटण्याची नवी वेळ देते. चिकलठाण्यावर ऊन पडलेले असताना मुंबईचे विमान दारे लावून जागीच उभे राहते, ते यामुळे. मुंबईच्या आकाशात त्या विमानासाठी जागा होईपर्यंत ते जमिनीवर थांबवलेले असते.