पाणी धरणारं आणि पाणी झटकणारं: नागपूरच्या उन्हाळ्यातले पॉलिमर

नागपूरच्या कूलरमध्ये दोन अगदी उलट स्वभावाचे पदार्थ शेजारी-शेजारी काम करतात. ताटीतल्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या पॅडमधल्या, खसनं किंवा वुडवूलनं (लाकडाच्या बारीक काड्यांनी) पाणी धरून ठेवायचं असतं. टाकी, पंप आणि नळी यांनी मात्र पाण्याचा थेंबही आत मुरू द्यायचा नसतो. दोन्ही पदार्थ पॉलिमरच आहेत, म्हणजे एकाच प्रकारचे छोटे रेणू माळेतल्या मण्यांसारखे हजारोंच्या संख्येनं जोडून झालेले लांबलचक रेणू. असे महाकाय रेणू असू शकतात हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडलं, तेव्हा अनेक नामवंतांना ते पटलं नव्हतं. 1953 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

खस, लाकूड, कापूस या सगळ्यांत मुख्य पॉलिमर सेल्युलोज. तो ग्लुकोजपासून बनतो आणि त्याच्या प्रत्येक ग्लुकोज एककावर हायड्रॉक्सिल नावाचे (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे) तीन गट असतात. पाण्याचे रेणू या गटांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात, म्हणून ताटी भिजते आणि ओली राहते. त्यातून गरम कोरडी हवा गेली की पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता हवेतून काढून घेतली जाते. कूलरचा गारवा तो हाच. टाकीसाठी वापरतात त्या प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या, साखळीत मात्र फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याला धरायला तिथे काहीच नाही. अलीकडच्या हनीकोंब पॅडमध्ये तर दोन्ही स्वभाव एकत्र आणलेले असतात: कागद सेल्युलोजचा, आणि तो भिजून लगदा होऊ नये म्हणून त्यावर कृत्रिम रेझिनचा संस्कार. मला ही जोडी फार आवडते.

कपड्यांचंही गणित हेच. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या 7 ते 8 टक्के पाणी नुसत्या हवेतून ओढून घेतो; पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून मे महिन्यात दुपारी बाहेर पडताना तोंडाला बांधायचा दुपट्टा सुतीच हवा. तो घाम शोषतो आणि वाळताना गारवा देतो. सुती धागा ओला झाला की उलट अधिक मजबूत होतो, धोबीघाटावरची आपटाआपट तो सोसतो ती त्यामुळेच. विदर्भाला हे सांगायला नको. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे 1877 मध्ये सुरू झाली, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. पण तिकडे नागपूरजवळच्या बुटीबोरीत पॉलिस्टरचा धागाही तयार होतो, आणि त्याची गरजही खरी आहे. शाळेच्या गणवेशाचं टेरीकॉट रोज धुऊन लवकर वाळतं, चुरगळत नाही, वर्षभर टिकतं. हे गुण त्याच्यातल्या पॉलिस्टरचे.

आता तर्री पोह्यांकडे वळू. पोह्यातला स्टार्च हादेखील ग्लुकोजचाच पॉलिमर. मग पोहे पचतात आणि कापूस पचत नाही, असं का? फरक फक्त जोडणीच्या दिशेचा आहे. स्टार्चमध्ये ग्लुकोज अशा रीतीनं जोडलेलं असतं की साखळी वळत जाते आणि आपल्या लाळेतलं विकर (एन्झाइम) ती तोडू शकतं. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचं एकक उलटं बसतं, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते. ती तोडणारं विकर आपल्या शरीरात नाही. एका बंधाच्या कोनावर एक पदार्थ अन्न ठरतो आणि दुसरा वस्त्र. रसायनशास्त्रातली इतकी सुंदर गोष्ट शाळेत घाईघाईत उरकली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कृत्रिम साखळ्यांचा शत्रू पाणी नाही, ऊन आहे. गच्चीवर दोन-तीन उन्हाळे काढलेली प्लास्टिकची बादली हातात घेतली की काठ तुटून येतो. अतिनील किरण साखळ्या जागोजागी तोडतात, प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याचा भुगा मातीत आणि पाण्यात जातो. तिथे पुन्हा तोच गुण आडवा येतो: पाणी न धरणारी साखळी जंतूंनाही सहज तोडता येत नाही. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांतल्या ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, त्या उन्हापासून वाचण्यासाठीच. त्यांत मिसळलेली कार्बनची काजळी अतिनील किरण स्वतः शोषून घेते.

कृत्रिम म्हणजे पाणी झटकणारं, असा नियम मात्र नाही. बाळाच्या डायपरमधलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट पूर्ण कृत्रिम आहे, आणि ते स्वतःच्या वजनाच्या शंभराहून अधिक पट शुद्ध पाणी शोषून जेलीसारखं फुगतं. याच कल्पनेवर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलं. त्याचा पाया सेल्युलोजचा, त्यावर जोडलेली साखळी कृत्रिम. पेरणीच्या वेळी ते मातीत मिसळलं की पावसाचं पाणी मुळांजवळ धरून ठेवतं, आणि माती कोरडी पडू लागली की हळूहळू सोडतं.