स्टीलची हार्डटेल टायटॅनियमवर नेताना

हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक. तिच्यासाठी टायटॅनियमची फ्रेम घेतली की दगडधोंड्यांची वाट मऊ लागेल, असे अनेकांना वाटते. पण फ्रेम किती लवेल हे धातूइतकेच नळीचा व्यास ठरवतो.

फ्रेमसाठीच्या टायटॅनियममध्ये बहुधा ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असते. त्याची घनता सुमारे ४.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, स्टीलची ७.८५. मात्र ताठपणाही स्टीलच्या निम्माच. स्टीलच्याच मापाच्या नळ्या टायटॅनियमच्या केल्या, तर पेडल मारताना फ्रेम दुप्पट लवेल. पातळ नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो, वजन मात्र व्यासाच्याच प्रमाणात. म्हणून २८.६ मिलिमीटरच्या जागी तेवढ्याच जाडीची ३६ मिलिमीटरची नळी घेतली की ताठपणा भरून निघतो आणि वजन तरीही २८ टक्क्यांच्या आसपास घटते. टायटॅनियमच्या नळ्या जाड्या दिसतात त्या यामुळे.

आरामाचे म्हणाल, तर त्यातला मोठा वाटा टायरचा. २.४ इंची टायर दीड बार हवेच्या दाबावर जितका दबतो, त्यापुढे फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाचे (मागचे चाक धरणाऱ्या नळ्यांचे) वरखाली लवणे किरकोळ असते. त्यानंतर सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांड्याचा, नंबर: लांब बाहेर आलेला २७.२ मिलिमीटरचा पोस्ट जाणवण्याइतका लवतो. केवळ हादऱ्यांसाठी फ्रेम बदलणार असाल, तर आधी टायरमधला दाब ०.१ बारच्या टप्प्यांनी उतरवून पाहा.

जुने सुटे भाग नव्या फ्रेमवर बसतील, हे गृहीत धरू नका. मागचे हब (चाकाचा मधला भाग) १४२ मिलिमीटर रुंदीचे आणि फ्रेम १४८ची असेल, तर कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि ब्रेकची डिस्क दोन्ही ३ मिलिमीटर आत पडतात; चाक बसल्यासारखे वाटते, ब्रेक जुळत नाही. निमुळत्या स्टिअररच्या (वरच्या नळीच्या) फोर्कला ४४ मिलिमीटरची हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची पुढची आखूड नळी, चालते, पण बेअरिंगचा खालचा कप नळीबाहेर बसणारा लागतो. नव्या फ्रेमला फोर्कची किती उंची अपेक्षित आहे तेही पाहा: २० मिलिमीटर उंच फोर्कने हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशाने कमी होतो.

जोडणीत सर्वाधिक नुकसान कोरड्या आट्यांमुळे होते. टायटॅनियम घासले जाताना समोरच्या धातूला चिकटते आणि आटे ओरबाडले जातात. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचे बेअरिंग), बाटलीचे स्क्रू, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, सगळीकडे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या सीटपोस्टलाही तीच. ओलावा शिरला की दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते, अ‍ॅल्युमिनियम गंजून फुगते आणि पोस्ट जाम होतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो काढून, पुसून, पुन्हा पेस्ट लावून बसवा. कार्बन पोस्टला मात्र त्याची वेगळी खरखरीत पेस्ट.

वेल्ड निरखून पाहण्याची सवय ठेवा. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषते आणि ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंगच्या वेळी नळीच्या आतही आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरावा लागतो. नव्या फ्रेमचा जोड चंदेरी किंवा फिकट पिवळसर असेल तर आर्गॉनचे आवरण नीट होते. गडद निळा दिसला तर शंका घ्या, राखाडी-पांढरी भुकटी दिसली तर फ्रेम परत करा. पुढे तडा गेलाच, तर तो बहुधा वेल्डच्या कडेला दिसतो: सीटट्यूब-टॉपट्यूबचा (सीटखालच्या उभ्या आणि वरच्या आडव्या नळीचा) सांधा आणि ब्रेकच्या माउंटमागचा भाग धुताना बोटाने चाचपा. स्टीलचा तडा बरेच वेल्डर सांधू शकतात. टायटॅनियमसाठी आतून-बाहेरून आर्गॉन देणाराच हवा.