त्स्वाइग, श्टेफान येर्झी

(२८ जानेवारी १९४१ — ६ फेब्रुवारी २०२४). जर्मनीतील बूखेनवाल्ड या नाझी छळछावणीतून वयाची चार वर्षे पुरी झाल्यावर जिवंत सुटलेला पोलिश ज्यू मुलगा, पुढे कॅमेरामन. पूर्व जर्मनीत तो ‘बूखेनवाल्डचे मूल’ म्हणून ओळखला जाई. श्टेफान त्स्वाइग हा ऑस्ट्रियन लेखक निराळा.

जन्म पोलंडमधील क्राकूव येथे. वडील झाखारियास वकील होते. क्राकूवचा घेटो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) व वेठबिगारीच्या छावण्या यांतून वडील व मुलगा ५ ऑगस्ट १९४४ रोजी वायमारजवळच्या बूखेनवाल्डला आले. आई व बहीण ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीत मारल्या गेल्या. बूखेनवाल्डचा माजी कैदी, जर्मन लेखक ब्रूनो आपित्स याच्या १९५८ मधील कादंबरीत त्स्वाइगवर बेतलेले मूल सुटकेसमध्ये दडवून छावणीत आणलेले दाखवले आहे. कादंबरी व तिच्यावरील १९६३ चा चित्रपट यांमुळे हीच हकीकत रूढ झाली. प्रत्यक्षात त्स्वाइगची छावणीच्या दप्तरी रीतसर नोंद होती व त्याला कैदी-क्रमांकही मिळाला होता. त्याला सांभाळणाऱ्यांत कैद्यांच्या सामानाच्या कोठारावरील विली ब्लायखर प्रमुख होता. कैद्यांचा अंतर्गत कारभार तेव्हा बव्हंशी कम्युनिस्ट कैद्यांच्या हाती होता, त्यामुळे रवानगीच्या याद्यांतील नावे बदलणे त्यांना शक्य होते; ही बाब पुढील वाद समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

२५ सप्टेंबर १९४४ रोजी २०० मुले व किशोर ऑशविट्झला रवाना झाले. त्यांत सिंती व रोमा (‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या जमाती) मुलांचा भरणा मोठा होता. यादीतील दोनशेवे नाव त्स्वाइगचे; ते खोडून तेथे विली ब्लूम या सोळा वर्षांच्या सिंती मुलाचे नाव घातलेले दिसते. अशी एकूण बारा नावे बदलली गेली. ब्लूम परतला नाही. पूर्व जर्मनीतील लेखनात हा तपशील येत नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर काहींनी या नावबदलाला ‘बळींची अदलाबदल’ म्हटले, म्हणजे एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला पाठवणे. इतिहासकार आनेटे लेओ यांच्या संशोधनानुसार ब्लूमचा धाकटा भाऊ रूडोल्फ याच यादीत होता आणि त्याला एकटे सोडायचे नाही म्हणून विली स्वतःहून गेला असावा. हे मत अधिक ग्राह्य वाटते. नाव कोणी खोडले व कोणत्या हेतूने, हे निव्वळ यादीवरून ठरत नाही. ‘अदलाबदल’ हा शब्द मात्र हेतू गृहीतच धरतो. त्स्वाइगला तो जिव्हारी लागला. प्रकरण बर्लिनच्या न्यायालयात गेले व २०१२ मध्ये तडजोडीने मिटले.

छावणी ११ एप्रिल १९४५ रोजी मुक्त झाली. कैद्यांनी ती स्वतः सोडवली की अमेरिकन फौजांनी, यावरही दीर्घकाळ मतभेद होते. छावणीवर पहारा देणारे नाझी एसएस दलाचे लोक पळू लागले ते अमेरिकन रणगाडे जवळ आल्यामुळे, आणि सैनिक आत येण्यापूर्वी सशस्त्र कैद्यांनी छावणीचा ताबा घेतला होता, असा क्रम आता सामान्यतः मानतात. त्स्वाइगला छावणीतील सर्वांत लहान कैदी म्हणण्याची प्रथा आहे. ती सोडलेली बरी, कारण मार्च १९४१ मध्ये जन्मलेला जोझेफ श्लाइफस्टाइनही तेथूनच सुटला.

पुढे वडील व मुलगा इझ्राएलला गेले. त्स्वाइगने काही काळ फ्रान्समधील ल्याँ येथे शिक्षण घेतले. १९६४ मध्ये पूर्व बर्लिनच्या एका वृत्तपत्राने त्याला शोधून काढले. कादंबरीतील मूल खरोखर हयात आहे, या बातमीने तेथे मोठी खळबळ माजली व त्याचा जाहीर सत्कार झाला. त्याने बाबेल्सबर्ग येथे छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. १९७२ मध्ये तो व्हिएन्नाला स्थायिक झाला व ऑस्ट्रियन दूरचित्रवाणीवर कॅमेरामन म्हणून काम करू लागला. व्हिएन्ना येथेच त्याचे निधन झाले.