विकेंद्रित समाजमाध्यमे

विकेंद्रित समाजमाध्यमे म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या सर्व्हरांवर चालणारी समाजमाध्यमे. हे सर्व्हर निरनिराळी माणसे आणि संस्था आपापल्या जबाबदारीवर चालवतात आणि तरीही ते एकमेकांशी जोडलेले असतात. एका सर्व्हरवर खाते असलेली व्यक्ती दुसऱ्या सर्व्हरवरच्या व्यक्तीला फॉलो करू शकते, तिच्या लेखनाला उत्तर देऊ शकते, ते पुढे पाठवू शकते. त्यासाठी तिकडे वेगळे खाते काढावे लागत नाही. ईमेल असाच चालतो. पाठवणाऱ्याची सेवा एक आणि घेणाऱ्याची दुसरी असली तरी पत्र पोचते, कारण दोन्हीकडचे सर्व्हर एकच ठरलेली भाषा बोलतात. मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांनी ही साधी सोय बराच काळ दिलीच नाही. तिथे माणसाचे नाव, त्याचा गोतावळा आणि वर्षानुवर्षांचे लेखन एकाच कुंपणात राहते. बाहेर पडायचे तर सगळे मागे टाकून निघावे लागते. विकेंद्रित माध्यमांची धडपड या अडचणीभोवती आहे: पत्ता कोणाच्या मालकीचा, आणि घर बदलले तर ओळखीची माणसे सोबत येतात की नाही.

‘विकेंद्रित’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. हल्ल्यातही टिकून राहील अशा दळणवळणाचा अभ्यास करताना पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनसाठी तीन आकृत्या काढल्या होत्या. पहिलीत सगळ्या रेषा एका मध्यबिंदूला मिळतात, दुसरीत अनेक लहान केंद्रे एकमेकांना जोडलेली असतात, तिसरीत केंद्रच नसते आणि प्रत्येक बिंदू शेजारच्या काही बिंदूंना धरून असतो. आज ज्यांना विकेंद्रित समाजमाध्यमे म्हणतात, त्यांतली बहुतेक दुसऱ्या आकृतीतली आहेत. मॅस्टोडॉन (ट्विटरसारखे छोटे लेखन), पिक्सेलफेड (छायाचित्रे), पीअरट्यूब (व्हिडिओ), लेमी (चर्चा) अशा सॉफ्टवेअरांवर चालणाऱ्या आणि एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या या मोठ्या जाळ्याला ‘फेडिव्हर्स’ हे नाव पडले आहे.

मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो) आणि विकेंद्रित जाळे या गोष्टी सहसा जोडीने येतात, पण त्या एकच नव्हेत. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘ट्रुथ सोशल’ या समाजमाध्यमामागे मॅस्टोडॉनचाच मुक्त कोड आहे, पण त्याच्या चालकांनी बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणी ठेवली नाही, त्यामुळे ते इतर कोणत्याही बंदिस्त माध्यमासारखेच झाले. मॅस्टोडॉनच्या एजीपीएल परवान्यानुसार सेवा चालवणाऱ्याने आपला बदललेला कोड वापरकर्त्यांना द्यावा लागतो, आणि तशी मागणी झाल्यावर तो द्यावा लागलाही. उलट मेटा कंपनीच्या ‘थ्रेड्स’चे सॉफ्टवेअर बंदिस्त आहे, तरी मार्च २०२४ पासून अमेरिका, कॅनडा व जपानमधल्या वापरकर्त्यांना आपले लेखन फेडिव्हर्सवर पाठवण्याची सोय तिथे मिळाली. कोड मुक्त असणे आणि दार उघडे असणे या वेगळ्या कसोट्या आहेत. त्या दोन्ही लावून पाहिल्याशिवाय कोणत्याही साधनाला स्वतंत्र म्हणू नये.

पूर्वपीठिका : इंटरनेटवरचा सामाजिक वावर मुळात विकेंद्रितच होता. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी कल्पिलेले आणि पुढच्या वर्षी सुरू झालेले यूजनेट अनेक संस्थांच्या संगणकांवर पसरलेले होते. एकाने लिहिलेला मजकूर संगणकामागून संगणक असा पुढे सरकत जाई. २००० नंतर मोठ्या कंपन्यांनी हा वावर आपल्या आवारात आणला. ते वापरायला सोपे होते आणि वरवर फुकट होते, म्हणून लोक गेले. त्याची किंमत सेवा बंद पडू लागल्यावर कळली. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. लेखन उतरवून घेण्याची मुदत मिळाली, पण तिथली नाती उतरवून घेता येत नव्हती.

या क्षेत्रातली जुनी माणसे एक्सएमपीपीची आठवण पुन्हा पुन्हा काढतात, आणि ती काढायलाच हवी. १९९९ मध्ये ‘जॅबर’ या नावाने सुरू झालेला हा संदेशवहनाचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली भाषा. गूगलने २००५ मध्ये गूगल टॉक त्यावर उभारले आणि २००६ मध्ये इतर सर्व्हरांशी जोडले. लहान सर्व्हर चालवणाऱ्यांना अचानक प्रचंड शेजार मिळाला. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणले आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरांशी बोलण्याची सोय ठेवली नाही. ज्यांचे बहुतेक मित्र गूगलकडे होते, त्यांचा स्वतंत्र सर्व्हर एकाकी पडला. थ्रेड्सने फेडिव्हर्सशी जोडून घेण्याचे जाहीर केले तेव्हा अनेक अ‍ॅडमिननी (सर्व्हर चालवणाऱ्यांनी) ती जोडणी आधीच नाकारली, ती याच अनुभवामुळे.

नव्या प्रयत्नांची सुरुवात २००८ मध्ये इव्हान प्रोड्रोमू यांच्या ‘आयडेंटिका’ या ट्विटरसारख्या सेवेपासून धरता येते. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी ‘डायस्पोरा’साठी लोकांकडे १०,००० डॉलर मागितले आणि त्यांना दोन लाखांवर मिळाले, फेसबुकच्या खासगीपणाच्या धोरणावर तेव्हा लोक किती चिडलेले होते, हे त्यावरून दिसते. डायस्पोरा आजही चालू आहे, पण ती लाट ओसरली. ऑक्टोबर २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोचको यांनी मॅस्टोडॉन लोकांसमोर आणले. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २३ जानेवारी २०१८ रोजी ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ हा प्रोटोकॉल अधिकृत शिफारस म्हणून मान्य केला आणि निरनिराळ्या सॉफ्टवेअरांना एक समान भाषा मिळाली.

कामकाज : फेडिव्हर्सवरच्या पत्त्याचे दोन भाग असतात, वापरकर्त्याचे नाव आणि सर्व्हरचे नाव, दोहोंच्या आधी @ हे चिन्ह येते. असा पत्ता शोधखिडकीत टाकला की आपला सर्व्हर ‘वेबफिंगर’ या पद्धतीने समोरच्या सर्व्हरला विचारतो: या नावाचे खाते तुमच्याकडे आहे का, आणि त्याची माहिती कुठे मिळेल? उत्तरात सांगितलेल्या जागी त्या खात्याच्या दोन पेट्यांचे पत्ते मिळतात, येणाऱ्या मजकुराची पेटी आणि जाणाऱ्या मजकुराची पेटी. फॉलोचे बटण दाबल्यावर आपला सर्व्हर त्या येणाऱ्या पेटीत एक विनंती टाकतो. ती मान्य झाली की तिकडचा सर्व्हर आपले नाव यादीत घेतो आणि तिथून पुढे त्या व्यक्तीचे प्रत्येक लेखन आपल्या सर्व्हरकडे पाठवतो. एकाच सर्व्हरवर तिचे शंभर वाचक असले तरी सहसा एकच प्रत पुरते. वाटप तो सर्व्हर करतो. प्रत्येक पाठवणीवर डिजिटल सही असते, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने मजकूर घुसवता येत नाही.

नव्या माणसाला बुचकळ्यात टाकणाऱ्या बऱ्याच गोष्टी याच रचनेतून येतात. एकाच नोंदीखाली एका सर्व्हरवर पाच उत्तरे दिसतात आणि दुसऱ्यावर बारा, कारण प्रत्येक सर्व्हरकडे त्याच्यापर्यंत पोचलेल्याच प्रती असतात. लिहिलेले खोडले तर बाकीच्या सर्व्हरांना ‘हे काढून टाका’ अशी विनंती जाते. बहुतेक सर्व्हर ती पाळतात, पण पाळलीच पाहिजे अशी सक्ती करणारा कोणी वर बसलेला नाही. मॅस्टोडॉनवरचा खासगी संदेशही दोन्हीकडच्या सर्व्हरांवर साध्या रूपात पडून असतो आणि तिथल्या अ‍ॅडमिनला तो तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. गुपित बोलण्यासाठी सिग्नल किंवा मॅट्रिक्ससारखी कूटबद्ध साधने वापरावीत. फेडिव्हर्सला खासगीपणाचा किल्ला समजणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

जोडणी केवळ एका प्रकारच्या सॉफ्टवेअरपुरती नसते, हा या रचनेचा सर्वांत सुंदर भाग. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेच्या पीअरट्यूबवर कोणी व्हिडिओ टाकला, तर मॅस्टोडॉनवरचा माणूस आपल्याच खात्यातून त्याखाली प्रतिक्रिया लिहू शकतो. पिक्सेलफेडवरची छायाचित्रे तशीच दिसतात. लेमी चर्चांसाठी आहे. २०२३ च्या मध्यात रेडिटने बाहेरच्या अ‍ॅपांसाठी मोठे शुल्क लावले तेव्हा तिकडे माणसे वाढली. ट्विटरवरची मोठी गळती त्याआधीची. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ती कंपनी घेतली आणि मॅस्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते साधारण ३ लाखांवरून नोव्हेंबरात २५ लाखांपर्यंत गेले. पुढे त्यातले बरेच जण परतले किंवा दुसरीकडे गेले. पण जे राहिले, त्यांना लेखन येईल त्या क्रमाने दाखवणारी, जाहिराती नसलेली टाइमलाइन मानवली.

अ‍ॅडमिन आणि त्यांचे काम : कंपनी नाही म्हणजे नियम नाहीत, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचे चालक ठरवतात, तक्रारी तेच पाहतात आणि एखादा सर्व्हर पूर्णच उपद्रवी निघाला तर त्याच्याशी जोडणी तोडतात. जुलै २०१९ मध्ये अतिउजव्यांचे ठाणे मानले जाणारे ‘गॅब’ हे समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या कोडवर आले. मुक्त परवान्यामुळे त्याला कोड वापरण्यापासून कोणी अडवू शकत नव्हते. पण एकामागून एक सर्व्हरांनी त्याला तोडले, काही मोबाइल अ‍ॅपांनीही त्याची वाट बंद केली, आणि ते आपल्याच आवारात उरले. मध्यवर्ती हुकूम न निघता झालेली ही कृती या रचनेच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लहान सर्व्हरवर हे काम एकदोन माणसे फावल्या वेळात करतात. वाईटातले वाईट त्यांना पाहावे लागते आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडे असलेली साधने त्यांच्याकडे नसतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की काही सर्व्हरांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य फिरत होते आणि ते पकडण्याची यंत्रणा अपुरी होती. माणूस थकतो, आजारी पडतो, पैसे संपतात आणि सर्व्हर बंद होतो. म्हणून मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे तर सर्व्हरला काही हमी द्याव्या लागतात: रोजचा बॅकअप, आणीबाणीत प्रवेश करू शकणारी निदान आणखी एक व्यक्ती, वंशद्वेष व तत्सम छळाविरुद्ध कारवाई आणि बंद करण्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना. सर्व्हर निवडताना त्याच्या विषयापेक्षा या चार गोष्टी आधी पाहाव्यात. खर्च बहुधा देणग्यांतून भागतो. ज्याच्या सर्व्हरवर राहायचे त्याला जमेल तेवढे देणे हा या वस्तीतला शेजारधर्म आहे.

घर बदलणे : मॅस्टोडॉनवरून दुसऱ्या सर्व्हरवर जाताना फॉलोअर आपोआप नव्या पत्त्याकडे वळतात, आपण फॉलो करत असलेल्यांच्या आणि ब्लॉक केलेल्यांच्या याद्या फाइल म्हणून उतरवून नेता येतात. जुने लेखन मात्र जुन्या जागीच राहते. शिवाय हे स्थलांतर जुना सर्व्हर जिवंत असतानाच करावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘क्वीअर डॉट एएफ’ या सर्व्हरला हे भोवले. त्याचे नाव अफगाणिस्तानच्या देशसंकेताखाली नोंदलेले होते आणि तिथल्या तालिबानी राजवटीने ते बंद केले. यंत्र शाबूत होते, कोड शाबूत होता. नाव गेले आणि पत्ते गेले.

या उणिवेवर इतरांनी वेगळे उपाय शोधले आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरमध्येच जाहीर झालेल्या आणि नंतर स्वतंत्र कंपनी झालेल्या ‘ब्लूस्काय’च्या एटी प्रोटोकॉलमध्ये खात्याला सर्व्हरपासून अलग अशी कायमची ओळख असते. सर्व्हर बदलला तरी लेखन आणि फॉलोअर दोन्ही सोबत येतात, आणि स्वतःचे डोमेन (संकेतस्थळाचे नोंदलेले नाव) हेच नाव म्हणून लावता येते. ही रचना कागदावर अधिक चांगली आहे. पण सगळीकडचे लेखन गोळा करणारे मोठे रिले आणि ओळखींची नोंदवही यांसाठी बहुतेक वापरकर्ते आजवर त्या एका कंपनीवरच विसंबून आले आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘नॉस्टर’मध्ये खातेच नसते, एक उघड आणि एक गुप्त अशी चाव्यांची जोडी असते आणि तिने सही केलेला मजकूर हव्या त्या रिलेवर ठेवता येतो. पत्ता पूर्णपणे आपला. मात्र गुप्त चावी हरवली तर ती परत देणारा कोणी नाही, आणि चोरीला गेली तर चोरच त्या नावाचा मालक.

सार्वजनिक संस्था : शासनाने नागरिकांशी परक्या कंपनीच्या आवारात का बोलावे, हा प्रश्न युरोपात गांभीर्याने घेतला गेला. जर्मनीच्या संघराज्य शासनातील कार्यालयांसाठी स्वतंत्र मॅस्टोडॉन सर्व्हर आहे, नेदरलँड्सच्या शासनानेही २०२३ मध्ये आपला सुरू केला. युरोपीय संघाच्या विदा-संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये मॅस्टोडॉनवर ‘ईयू व्हॉइस’ आणि पीअरट्यूबवर ‘ईयू व्हिडिओ’ असे दोन प्रयोग सुरू केले. संघाच्या अनेक संस्था तिथे लिहू लागल्या. पण हे चालवण्याची जबाबदारी कायमची घ्यायला दुसरी संस्था पुढे आली नाही आणि मे २०२४ मध्ये दोन्ही बंद झाले. युरोपीय आयोगाने मात्र मॅस्टोडॉन सोडले नाही. त्याने स्वतःच्या डोमेनवर स्वतःचा सर्व्हर उभारला आणि आपले खाते तिकडे नेले.