उकळायचं की भिजवायचं? घसा आणि खोकल्याच्या घरगुती औषधांविषयी

आमच्याकडून वाळलेल्या वनस्पती नेणारे बरेच जण सगळी पाकिटं एकाच पातेल्यात रिकामी करतात आणि पाणी निम्मं होईपर्यंत उकळतात. ज्येष्ठमध, तुळस, अडुळसा, सुंठ, सगळं एकत्र. काढा काळाकुट्ट आणि कडू झाला की तो गुणकारी वाटतो. पण तुळशीचा गुण तोवर वाफेबरोबर निघून गेलेला असतो. वनस्पती चांगली असूनही निव्वळ कृतीमुळे वाया जाते, याचं आम्हाला वाईट वाटतं, म्हणून हे पत्रक.

मुळं उकळा, सुवासिक पानं झाका

मूळ, साल, काष्ठ या गोष्टी कठीण असतात. त्यांचा अर्क पाण्यात उतरायला वेळ आणि मंद आच लागते, म्हणून त्यांचा काढा करायचा. तुळशीसारख्या सुवासिक पानांचा गुण बराचसा त्यांच्या उडनशील तेलात असतो. ती कधीही उकळू नयेत. कपभर उकळतं पाणी एक चमचा वाळलेल्या पानांवर ओता, लगेच झाकण ठेवा आणि १० मिनिटं हात लावू नका. याला फांट म्हणतात. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूचे थेंब कपातच झटका. त्यांचा वास घेऊन पाहा, म्हणजे झाकणाचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

दोन्ही हवं असेल तर आधी मुळांचा काढा करा, गॅस बंद करा, मग त्यात पानं घालून झाकून ठेवा. सुंठ काढ्यात चालते. आलं वाळताना त्यातला तिखटपणा वाढतो, त्यामुळे ओल्या आल्याच्या मानाने सुंठ बेतानेच घ्या.

ज्येष्ठमध

कोरड्या, खवखवणाऱ्या घशासाठी आमची पहिली पसंती याच मुळाला. अर्धा चहाचा चमचा भरड (सुमारे १.५ ग्रॅम) दोन कप पाण्यात घाला आणि एक कप उरेपर्यंत मंद आचेवर ठेवा. गाळून कोमट असताना घोट घोट घ्या. गटागट प्यायलं तर फायदा कमी, कारण ते घशावरून सावकाश जायला हवं. दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस पुरे.

त्याचा गोडवा ग्लिसरायझिनचा असतो, आणि जपायचंही त्यालाच. जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात घेतलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ज्येष्ठमध घेऊ नये.

अडुळसा छातीत दाटलेल्या कफासाठी. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पानं कडूजहर असतात. गरोदरपणात अडुळसाही नको, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

मध

रात्रीच्या खोकल्यावर झोपण्यापूर्वी एक चमचा मध नुसता चाटला तरी आराम पडतो. काढ्यात घालायचा तर काढा कोमट झाल्यावरच घाला. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरसुद्धा देऊ नका. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. ते साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मधुमेह असेल तर मध साखरेसारखाच मोजून घ्या.

मिठाच्या गुळण्यांसाठी आमच्याकडून काहीच घ्यावं लागत नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, एवढंच. नीट गुळण्या करता येत नाहीत अशा लहान मुलांना मात्र देऊ नका. मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकवून वाफही देऊ नका. त्यात भाजण्याचे प्रकार होतात.

किती दिवस टिकतं?

काढा आणि फांट त्याच दिवशी संपवा. काढ्याचं सरबत करून ठेवायचं असेल तर वजनाने एक भाग काढ्याला दोन भाग साखर लागते. हात आखडता घेतला तर सरबताला बुरशी धरते. बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी करा, वर तारीख लिहा आणि फ्रीजमध्ये ठेवा. वास बदलला किंवा बुडबुडे दिसले तर ओतून द्या.

काय अपेक्षा ठेवावी

बहुतेक घसादुखी आणि खोकला विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. घसा साधारण आठवड्यात सुधारतो, खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो. आमच्या वनस्पतींनी विषाणू मरत नाहीत. घसा ओला राहतो, खवखव कमी होते, झोप लागते. दम लागणं, थुंकीत रक्त, गिळता न येणं, लाळ गळणं, न उतरणारा ताप, घटणारं वजन, यांतलं काहीही दिसलं किंवा खोकला तीन आठवड्यांपुढे गेला, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर ऑर्डर देतानाच त्यांची नावं सांगा. ज्येष्ठमध किंवा अडुळसा तुम्हाला चालणार नसेल तर आम्ही तो पाकिटात घालणार नाही. शंका असेल तिथे तुमच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगू.