‘आमची रहाड’ म्हणताना डोक्यात काय चालतं?

नाशिककर रंग खेळतो तो रंगपंचमीला. त्या दिवशी जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. एरवी तो बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात. सणाआधी तो मोकळा करायचा, धुवायचा, रंगाचं पाणी भरायचं, पूजा करायची आणि मग धप्पा मारायचा, म्हणजे हौदात उडी टाकायची. धप्पा नीट बसला की निम्मं पाणी कडेच्या बघ्यांवर उडतं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी. रंग पक्का असल्यामुळे कोण कुठे उतरला होता ते अंगावरूनच कळतं. आणि ‘आमच्या रहाडीची मजा तिकडे नाही’ हे प्रत्येक चौकात तितक्याच ठामपणे ऐकायला मिळतं.

तसं पाहिलं तर पिवळं पाणी आणि गुलाबी पाणी यांत असा काय फरक? पण ‘आपले’ आणि ‘ते’ असे दोन भाग पडायला कमीत कमी किती कारण पुरतं, हा प्रश्न हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने फार गांभीर्याने घेतला होता. तो पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना तो जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून जगला. घरचे जवळजवळ सगळे मारले गेले. पुढे ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. ते 1970-71 मध्ये प्रसिद्ध झाले.

मुलांना पडद्यावर ठिपके दाखवून अंदाज विचारला. मग सांगितलं, तू जास्त मोजणाऱ्यांत, तू कमी मोजणाऱ्यांत. प्रत्यक्षात ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कशीही केलेली होती. गटात आणखी कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर प्रत्येकाने दोन अनोळखी मुलांमध्ये थोडे पैसे वाटायचे होते. स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. तरी मुलं आपल्या गटाकडे झुकली. त्याहून गंमत म्हणजे, चित्रांच्या आवडीवरून गट पाडल्याचं सांगितलेल्या दुसऱ्या प्रयोगात, आपल्या गटाचा फायदा थोडा कमी झाला तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा वरचढ राहिलं पाहिजे, असाही त्यांचा कल दिसला. ठिपक्यांवरून आणि चित्रांवरून! भेदभाव मुळीच नसेल अशी परिस्थिती आधी उभी करायची आणि मग एकेक कारण घालत जायचं, असा ताजफेलचा बेत होता. पहिल्याच पायरीवर भेदभाव हजर.

ताजफेल आणि त्याचा सहकारी जॉन टर्नर यांनी 1979 मध्ये याची मांडणी केली. ‘मी कोण’ याच्या उत्तराचा एक भाग आपण ज्या गटांत मोडतो त्यांतून येतो, म्हणून गटाचा मान वाढला की आपला वाढतो. प्रसंग बदलला की हे उत्तरही बदलतं. पुणेकर समोर आला की माणूस नाशिककर होतो, मुंबईत गेला की तोच ‘उत्तर महाराष्ट्रातला’, आणि घरी परतला की पुन्हा आपल्या चौकाचा.

मात्र या प्रयोगांवरून माणूस मुळात द्वेष्टा आहे असं म्हणणाऱ्यांची मला घाई वाटते. जर्मनीत अमेली ममेंडे आणि सहकाऱ्यांनी बक्षिसाऐवजी त्रास वाटायला दिला, तेव्हा हा पक्षपात बराच ओसरला. आपल्याला जास्त द्यावं वाटणं वेगळं, दुसऱ्याला दुखवावं वाटणं वेगळं.

गट फक्त विचारांना नाही, कानांनाही हात घालतो. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींवर भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी काम केलं आहे. कडाक्याची थंडी, गर्दी, रात्रंदिवस भोंगे. तरी मेळ्यानंतर या मंडळींना आपली तब्येत सुधारल्यासारखी वाटत होती, असं 2012 च्या त्यांच्या लेखात आहे. दुसऱ्या एका प्रयोगात कल्पवासींना एकच ध्वनिमुद्रण ऐकवलं. हा मेळ्याचा आवाज आहे असं सांगितल्यावर तो सुसह्य वाटला, ते जास्त वेळ ऐकत राहिले. शहराच्या रस्त्याचा आहे म्हटल्यावर तोच आवाज नकोसा झाला.

सिंहस्थ तोंडावर असताना हा प्रयोग गोदाघाटावर करून पाहण्यासारखा आहे. पण तो यात्रेकरूंइतकाच पंचवटीत राहणाऱ्यांवर व्हायला हवा. त्यांच्या दारात बॅरिकेड लागणार, पाहुण्याला घरी आणायचं तर कदाचित पास लागणार, आणि रामकुंडावरचे भोंगे त्यांनाही ऐकू येणार. त्या दिवसांत ते स्वतःला यजमान समजतील की अडकून पडलेले रहिवासी, यावर तो आवाज त्यांना कसा लागतो हे बरंचसं ठरेल.