वायव्य सरहद्दीवरील ब्रिटिश लष्करी हेरगिरी

पेशावर, स्वात, चित्राल, खैबर, तिराह, वझिरिस्तान आणि त्यापलीकडे थेट काबूलपर्यंतच्या डोंगराळ मुलखातून आधी ईस्ट इंडिया कंपनीने व नंतर ब्रिटिश सरकारने लष्करी उपयोगाची माहिती मिळवण्यासाठी उभी केलेली व्यवस्था. तिचा काळ साधारण १८०८ ते १९४७ असा धरता येतो. सुरुवातीला फ्रान्सची आणि पुढे कायम रशियाची धास्ती हे तिच्यामागचे मुख्य कारण होते. त्यामुळे तिचे डोळे नेहमी दूरवर लागलेले असत आणि हाकेच्या अंतरावरचा पठाण मात्र नीट दिसत नसे.

सुरुवातीच्या कामगिऱ्यांचा महाराष्ट्राशी आणि मुंबईशी बराच संबंध आहे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट (कंपनीचा प्रतिनिधी) असलेला माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन १८०८ साली अफगाण बादशहा शाह शुजाकडे वकिलातीवर निघाला. (पुण्यात पेशवाईची अखेर घडवून आणणारा एल्फिन्स्टन तो हाच.) तो पेशावरच्या पुढे कधी गेलाच नाही. व्यापारी, मुल्ला, दरबारी मंडळी, वाटसरू अशा नाना लोकांना खोदून खोदून विचारत त्याने अख्ख्या अफगाण राज्याची माहिती जमवली आणि पुढची कित्येक वर्षे तीच आधारभूत मानली गेली. १८१० मध्ये मुंबईच्या देशी पलटणींतले चार्ल्स क्रिस्टी आणि हेन्री पॉटिंजर हे अधिकारी सुंदरजी नावाच्या घोड्यांच्या व्यापाऱ्याचे गुमास्ते बनून बलुचिस्तानात शिरले. १८३१ साली मुंबई सैन्यातल्याच अलेक्झांडर बर्न्सने इंग्लंडच्या राजाने रणजितसिंहासाठी भेट दिलेले पाच अजस्र घोडे नावेतून सिंधू नदीमार्गे लाहोरला पोचवले. घोडे हे निमित्त. नदीत कुठे किती पाणी आहे आणि किती मोठी नाव वर चढू शकेल हे वाटेत गुपचूप टिपून घेणे हे खरे काम.

काबूलमध्ये कंपनीचा बातमीदार चार्ल्स मॅसन हा बंगाल तोफखान्यातून पळालेला शिपाई होता. गुन्हा माफ होण्याच्या बदल्यात त्याने हे काम पत्करले. काश्मिरी पंडित घराण्यातला मोहनलाल हा तर बर्न्सचा उजवा हात. १८४१ च्या नोव्हेंबरात शहरात कट शिजतोय असा इशारा त्याने बर्न्सला आधीच दिला होता. तो मनावर घेतला गेला नाही. २ नोव्हेंबरला जमावाने बर्न्सला ठार केले. खबर वेळेवर येते आणि वरचा साहेब ती झटकून टाकतो, हा प्रकार सरहद्दीवर पुन्हा पुन्हा घडला.

या कामाला पलटणीचे रूप आले ते १८४६ च्या डिसेंबरात. लाहोरातला ब्रिटिश प्रतिनिधी हेन्री लॉरेन्स याच्या कल्पनेवरून लेफ्टनंट हॅरी लम्सडेनने पेशावरला 'कोअर ऑफ गाइड्स' उभी केली: घोडेस्वारांची एक तुकडी आणि पायदळाच्या दोन कंपन्या. मुलूख माहीत असलेली, तिथल्या बोली बोलणारी, वाट दाखवणारी आणि बातमी काढणारी माणसे त्याला हवी होती. म्हणून लालभडक डगल्यांऐवजी त्याने मातकट रंगाचे सैल कपडे दिले. सैन्यातल्या खाकीची सुरुवात इथली मानतात. भरती करतानाही तो सोवळेपणा पाळत नसे. ज्याच्या डोक्यावर सरकारी इनाम लावलेले होते अशा दिलावर खान या खटक जमातीच्या दरोडेखोरालाच त्याने बोलावून घेतले. डोंगरातली चोरवाट न् चोरवाट ठाऊक असलेला हा माणूस गाइड्समध्ये सुभेदार झाला आणि पुढे चित्रालच्या बाजूला गुप्त कामगिरीवर असताना बर्फात मेला.

गोऱ्या माणसाला जिथे पाऊल टाकणे अशक्य, तिथे सर्वेक्षण खात्यातल्या मॉन्टगोमरीने १८६० च्या दशकापासून शिकवून तयार केलेले हिंदी लोक पाठवले. तिबेटात गेलेला नैनसिंह रावत सर्वांत प्रसिद्ध, पण सरहद्दीवरही ही पद्धत चालली. 'हवालदार' या टोपणनावाचा सैनिक १८७० साली पेशावरहून चित्रालमार्गे फैजाबादला जाऊन आला. डेहराडूनला या मंडळींना चढ असो वा उतार, एकाच मापाचे पाऊल टाकायची सवय लावत. तिबेटच्या वाटेवरच्या हेरांकडची जपमाळ १०८ ऐवजी १०० मण्यांची असे. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. सगळी माळ फिरली की दहा हजार पावले झाली. टिपणे प्रार्थनाचक्रात लपवलेली असत. नावे मात्र नकाशावर साहेबांची आली.

१८७८ मध्ये सिमल्याला क्वार्टरमास्टर जनरलच्या (सैन्याचे कूच, मुक्काम व पुरवठा पाहणाऱ्या) खात्यात 'इंटेलिजन्स ब्रँच' सुरू झाली, तीही मोजक्या अधिकाऱ्यांवर. या शाखेवर चार्ल्स मॅकग्रेगरची छाप होती. मजल दरमजल वाटांच्या याद्या हे तिचे मुख्य काम: दोन मुक्कामांतले अंतर, पाणी, वैरण, सरपण, उंट जाईल की फक्त खेचर, तोफा ओढता येतील का. १८८५-८६ मध्ये कर्नल लॉकहार्टचे पथक चित्राल, हुंझा आणि काफिरिस्तानच्या खिंडी याच कामासाठी पाहून आले. १८७७ साली उघडलेली आणि १८८१ मध्ये गुंडाळलेली गिलगिट एजन्सी (तिथले ब्रिटिश राजकीय ठाणे) रशियाच्या भीतीने १८८९ मध्ये पुन्हा उघडण्यात आली. मॅकग्रेगरच्या नावाचे टेहळणीसाठीचे पदक १८८८ पासून दिले जाते. स्वतंत्र भारताने ते चालू ठेवले.

या सगळ्या दप्तराचा कस १८९७ साली लागला. २६ जुलैच्या संध्याकाळी स्वातच्या वाटेवरच्या मलाकंद छावणीचे अधिकारी खारच्या मैदानावर पोलो खेळत होते. पोलिटिकल एजंट (टोळ्यांशी व्यवहार पाहणारा सरकारी अधिकारी) मेजर डीन याने अशांततेची वार्ता आधीच कळवली होती, पण तातडी कोणालाच वाटली नाही. मैदानाच्या कडेला उभ्या गावकऱ्यांनी मोतद्दारांना सांगितले की लवकर छावणीत परता, आज लढाई आहे. म्हणजे जी गोष्ट घोडे सांभाळणाऱ्यांना कळली ती मालकांच्या गावीही नव्हती. त्याच रात्री मलाकंदवर हल्ला झाला. ऑगस्टअखेर खैबरची ठाणी पडली. त्या खिंडीचा कारभार १८७९ पासून अफगाण आईच्या पोटी जन्मलेला, पश्तू अस्खलित बोलणारा रॉबर्ट वॉरबर्टन पाहत होता आणि तो नेमका त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाला. खैबरच्या आफ्रिदी टोळीच्या मलिकांशी (म्होरक्यांशी) अठरा वर्षांचे बोलणे-बसणे फायलीत उतरवता येत नाही. आफ्रिदींविरुद्धच्या तिराहच्या मोहिमेसाठी त्याला परत बोलावावे लागले. इतर ठिकाणी बहुतेक अधिकाऱ्यांचा कारभार अरबाब नावाच्या मध्यस्थांमार्फत चाले आणि मध्यस्थ आपल्या सोयीचे तेवढेच सांगत.

विसाव्या शतकात विमाने आली. वझिरिस्तानात १९३६ पासून इपीचा फकीर या बंडखोर धर्मगुरूविरुद्ध हवाई टेहळणी, छायाचित्रे, खबऱ्यांची इनामे हे सगळे वापरले गेले आणि हजारो फौज तिथे गुंतून पडली. वरून वाडी, बुरूज, शेत दिसे. आत कोण झोपले आहे ते दिसत नसे. कोणी त्याचा ठावठिकाणा सांगितलाच, तर पलटण पोचेपर्यंत तो दुसऱ्या गुहेत गेलेला असे. १९४७ मध्ये ब्रिटिश गेले तेव्हाही तो मोकळाच होता. पुढे पाकिस्तानलाही तो सापडला नाही आणि १९६० साली गुरवेक येथे आजारपणात वारला.